फांद्या आणि पारंब्या

कागदाच्या मधोमध एक वर्तुळ काढायचे, त्यात विषयाचे नाव लिहायचे, वर्तुळापासून चहूकडे फांद्या काढायच्या, फांदीला उपफांदी, उपफांदीला डहाळी, आणि प्रत्येकीवर शक्यतो एकच शब्द. याला ‘माइंड मॅप’ म्हणतात. मराठीत कोणी त्याला ‘मनोनकाशा’ म्हणतो, कोणी ‘विचारचित्र’. मला ‘विचारांचा नकाशा’ हे साधे शब्द बरे वाटतात. शाळकरी मुलांनाही हे आता ठाऊक असते. आम्हा सरकारी कारकुनांना प्रशिक्षणवर्गात ते शिकवले जाते, आणि टॅबलेटवर तर बोट टेकले की फांदी फुटते. शिकवणारे बहुधा दोन गोष्टी सांगतात : हे तंत्र टोनी बुझान या इंग्रज गृहस्थाने शोधून काढले, आणि माणसाचा मेंदू असाच विचार करतो.

यातली पहिली गोष्ट अर्धी खरी आहे आणि दुसरी तपासून घ्यावी अशी आहे. बुझान यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण ज्ञानाला फांद्या काढून ते मांडण्याची युक्ती हजार वर्षांहून जुनी आहे. तिचा इतिहास वाचू लागलो तेव्हा त्यातला एक धागा थेट आपल्या जुन्या गोव्यातून गेलेला दिसला. आणि त्या इतिहासाच्या तळाशी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढताना दिसला : फांद्यांच्या आकृतीत काय मावते आणि काय मावत नाही? ज्यांच्या देवांनाही घरे बदलावी लागली अशा आम्हा गोमंतकीयांना तर हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. त्याकडे मी शेवटी येईन.

सुरुवात तिसऱ्या शतकापासून करू. आजच्या लेबनॉनमधल्या टायर शहरातला पॉर्फिरी हा तत्त्वज्ञ. अॅरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रात शिरणाऱ्यांसाठी त्याने ‘इसागोगे’ नावाची एक छोटी प्रवेशिका लिहिली. तिच्यात त्याने एक उतरंड सांगितली. वर द्रव्य, त्याचे दोन भाग, सशरीर आणि अशरीर, सशरीराचे पुन्हा दोन, सजीव आणि निर्जीव, सजीवांत संवेदना असलेले आणि नसलेले, असे करत करत शेवटी विचार करणारा प्राणी, म्हणजे माणूस. पॉर्फिरीने हे शब्दांतच सांगितले होते. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बोएथियसने ही प्रवेशिका लॅटिनमध्ये आणली, आणि पुढच्या शतकांत युरोपातल्या शिक्षकांनी तिचे चित्र काढले. त्या चित्राला ‘पॉर्फिरीचे झाड’ हे नाव पडले ते कायमचे.

आपल्याकडे हेच काम संख्येने होत असे. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ ज्यांनी संस्कृतच्या वर्गात वाचला असेल त्यांना आठवेल : पदार्थ सात, द्रव्ये नऊ, गुण चोवीस, कर्मे पाच. चित्र काढायची गरज नव्हती. विद्यार्थ्याच्या डोक्यात आकडा बसला की त्या आकड्याखालची नावे एकामागून एक ओढून काढता येत. आठ झाली आणि नववे आठवेना, तर काहीतरी राहिले आहे एवढे तरी कळे. पाठांतराच्या संस्कृतीत आकडा हीच फांदी.

युरोपात झाड मात्र वाढतच गेले. मायोर्का बेटावरच्या रामोन युल या पंडिताने १२९५–९६ साली ‘ज्ञानवृक्ष’ अशा अर्थाच्या नावाचा एक प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यात सगळी विद्या सोळा झाडांत वाटली आहे, आणि प्रत्येक झाडाला मुळे, खोड, फांद्या, पाने, फुले, फळे आहेत. हाच युल एकावर एक फिरणारी वर्तुळेही काढी. वर्तुळ फिरवले की एका कल्पनेशेजारी दुसरी येई आणि नवा प्रश्न उभा राही. झाडाने प्रत्येक गोष्ट जागच्या जागी बसते, वर्तुळाने ती दुसरीला भेटते. दोन्हींची गरज या माणसाला सातशे वर्षांपूर्वी जाणवली होती.

त्यानंतरचे मोठे नाव पेत्रुस रामुस याचे. हा पॅरिसचा प्राध्यापक, जन्म १५१५ चा. कोणताही विषय घ्यावा, त्याचे दोन भाग करावे, प्रत्येकाचे पुन्हा दोन, आणि महिरपी कंसांनी ते डावीकडून उजवीकडे मांडत न्यावे, ही त्याची पद्धत. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, गणित, सगळे या कंसांच्या तक्त्यांत बसवले गेले. रामुस स्वतः १५७२ साली सेंट बार्थोलोम्यूच्या हत्याकांडात मारला गेला, पण त्याचे तक्ते उत्तर युरोपभर पसरले. वॉल्टर ऑंग या अमेरिकन जेझुइट विद्वानाने १९५८ साली रामुसवर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की या तक्त्यांच्या यशामागे छापखाना होता. हस्तलिखिताची नक्कल करताना अशा आकृती बिघडत. छपाईत एकच तक्ता शेकडो प्रतींत तंतोतंत उतरे. त्याबरोबर ज्ञान ही ऐकण्या-बोलण्याची गोष्ट न राहता पाहण्याची गोष्ट झाली, आणि संवाद मागे पडला. ‘संवाद मागे पडला’ हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

छापखान्याचा उल्लेख आला की गोवेकराला आपल्या १५५६ सालाची आठवण होणारच. भारतातला पहिला छापखाना त्या साली जुन्या गोव्यात सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला. याच महाविद्यालयात १५७८ च्या सप्टेंबरात एक पंचविशीचा इटालियन जेझुइट येऊन दाखल झाला. त्याचे नाव मातेओ रिच्ची. गोव्यात आणि कोचीत मिळून साडेतीन वर्षे काढून, धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन आणि लॅटिन-ग्रीक शिकवून तो १५८२ मध्ये चीनकडे निघाला. तिथे त्याने १५९६ च्या सुमारास चिनी भाषेत स्मरणकलेवर एक पुस्तिका लिहिली, एका बड्या अधिकाऱ्याच्या परीक्षार्थी मुलांसाठी. तंत्र जुने रोमन होते. मनात एक मोठा वाडा उभा करायचा, त्याच्या प्रत्येक दालनात एक ठळक चित्र ठेवायचे, आणि आठवायची वेळ आली की मनातल्या मनात त्या वाड्यातून फिरून यायचे. इंग्रजीत याला ‘स्मृतीचा राजवाडा’ म्हणतात. आजच्या माइंड मॅपमध्ये चित्रे आणि रंग वापरायला सांगतात, त्याचे मूळ या कलेत आहे : नुसता शब्द विसरतो, जागा आणि चित्र लक्षात राहते. सेंट पॉलच्या त्या सगळ्या संकुलाची आज एक कमान तेवढी उभी आहे. तिच्याजवळून जाताना मला छापखान्याइतकीच रिच्चीचीही आठवण येते. पाठ करणारी जुनी विद्या आणि छापणारी नवी विद्या त्या एका छपराखाली काही काळ शेजारी नांदल्या.

आता थेट एकोणिसाव्या शतकात येऊ. १८३७ सालच्या उन्हाळ्यात चार्ल्स डार्विनने आपल्या एका वहीत एक वेडेवाकडे झाड काढले. एका मुळापासून फुटलेल्या फांद्या, काही टोकाला अक्षरे, काही मध्येच थांबलेल्या. पानाच्या वरच्या कोपऱ्यात दोनच शब्द, ‘मला असे वाटते’ अशा अर्थाचे. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाले ते १८५९ साली, बावीस वर्षांनी. मला हे पान फार आवडते. पॉर्फिरीच्या झाडात गोष्टी ठरलेल्या आहेत आणि झाड त्या शिकवते. डार्विनच्या झाडात अजून काहीच ठरलेले नाही. तो काढता काढता विचार करतो आहे. आपण टॅबलेटवर जे करू पाहतो ते या दुसऱ्या प्रकारातले आहे. आणि त्या एका पानातून पुस्तक व्हायला बावीस वर्षांची वाक्ये लागली, हेही विसरू नये.

विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञांनी विचारले की डोक्यातसुद्धा असे झाड असते का? १९६९ साली अॅलन कॉलिन्स आणि रॉस क्विलियन या अमेरिकन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘कॅनरी पिवळा असतो’ हे वाक्य खरे की खोटे हे सांगायला माणसाला कमी वेळ लागतो, ‘कॅनरीला कातडी असते’ हे सांगायला जास्त. कारण, त्यांच्या मते, पिवळेपणा कॅनरीच्या फांदीवरच नोंदलेला असतो, आणि कातडीसाठी कॅनरीवरून पक्षी, पक्ष्यावरून प्राणी असे वर चढावे लागते. कल्पना सुंदर होती, पण नंतरच्या प्रयोगांत ती पुरी पडेना. मग १९७५ साली याच कॉलिन्सने एलिझाबेथ लॉफ्टस यांच्यासोबत झाड सोडून जाळे मांडले. त्यात कोणतीही कल्पना कोणत्याही कल्पनेशी जोडलेली असू शकते; काही दुवे जवळचे, काही लांबचे. म्हणजे ‘मेंदू असाच विचार करतो’ असे म्हणायचेच असेल, तर ते झाडापेक्षा जाळ्याबद्दल म्हणणे अधिक बरोबर.

याच सुमारास दोन माणसांनी दोन वेगळे नकाशे आणले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक १९७२ पासून मुलांच्या मुलाखती अभ्यासत होते. लहान मुलाला विज्ञान कितपत समजले, आणि वर्षागणिक ती समज कशी बदलली, हे थोडक्यात मांडण्यासाठी त्यांनी ‘संकल्पना नकाशा’ तयार केला. त्यात कल्पना चौकटीत असतात, आणि दोन चौकटी जोडणाऱ्या प्रत्येक रेघेवर शब्द लिहावाच लागतो : ‘मुळे होते’, ‘चा भाग आहे’, ‘ला लागते’. चौकट, रेघ, चौकट असे वाचत गेले की वाक्य तयार होते. रेघ मुकी ठेवायची सोय नाही.

दुसरे टोनी बुझान. १९७४ साली बीबीसीवर त्यांची ‘यूज युवर हेड’ ही दहा भागांची मालिका झाली आणि त्याच नावाचे पुस्तक आले. त्यांचे नियम सोपे : कागद आडवा धरा, मधोमध चित्र काढा, फांद्या वळणदार आणि रंगीत असू द्या, एका फांदीवर एकच शब्द लिहा. इथे रेघेवर शब्द असतो खरा, पण तो संबंध सांगणारा नसून स्वतःच एक मुद्दा असतो. दोन मुद्दे का जोडले ते काढणाऱ्याच्या मनात राहते. बुझान यांनी ‘माइंड मॅप’ ही संज्ञा व्यापारचिन्ह म्हणून नोंदवली, जगभर व्याख्याने दिली, आणि एप्रिल २०१९ मध्ये ते वारले. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांबद्दल आणि त्याच्या अफाट क्षमतेबद्दल ते जे सांगत त्यातले बरेचसे आजचे मेंदूविज्ञान मान्य करत नाही. पण रुक्ष टाचणांना कंटाळलेल्या लाखो मुलांच्या हातात त्यांनी रंगीत पेन्सिली दिल्या, हे काम लहान नव्हे.

उपयोग किती होतो? २००२ साली लंडनमधल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. ५० जण, ६०० शब्दांचा उतारा. निम्म्यांनी माइंड मॅप काढून अभ्यास केला, निम्म्यांनी आपापल्या पद्धतीने. आठवड्याने माइंड मॅपवाल्यांना सुमारे दहा टक्के अधिक आठवत होते. पण या पद्धतीत त्यांचे मन मात्र तितकेसे रमले नव्हते. पुढे २०११ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या कार्पिक आणि ब्लंट यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले की पुस्तक समोर ठेवून संकल्पना नकाशा काढण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढणे जास्त टिकते. आपले पंतोजी हेच सांगत असत. नकाशा काढायचाच तर आधी पुस्तक मिटा, एवढा अर्थ मी यातून घेतला.

संगणकावर हे तंत्र येण्यामागे एक माणुसकीची कथा आहे. माइक जेटर हे संगणकतज्ज्ञ रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत होते. त्या आजारपणातून उठताना त्यांनी माइंड मॅप काढणारा प्रोग्राम लिहिला. १९९४ साली तो बाहेर आला आणि पुढे ‘माइंडमॅनेजर’ नावाने प्रसिद्ध झाला. २००० च्या सुमारास ‘फ्रीमाइंड’ हा मुक्त प्रोग्राम आला. त्याच्यापासूनच पुढे ‘फ्रीप्लेन’ झाला. २००७ साली ‘माइंडमायस्टर’ने इंटरनेटवर अनेकांना एकच नकाशा एकाच वेळी काढता येईल अशी सोय केली. हे सगळे माऊस आणि कीबोर्डचे. कागदावर जी गोष्ट हात फिरवून होते ती इथे टिचक्या मारून करावी लागे.

३ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत आयपॅड विक्रीला आला आणि बोट परत कागदावर आल्यासारखे झाले. आपल्याकडे तो २०११ च्या जानेवारीत आला. ‘आयथॉट्स’, ‘माइंडनोड’, ‘सिंपलमाइंड’ ही नावे त्या काळात टॅबलेट वापरणाऱ्यांच्या तोंडी झाली. ‘एक्समाइंड’सारखे संगणकावरचे प्रोग्रामही पुढे टॅबलेटवर आले. २०१५ साली आयपॅडसाठी पेन्सिल आली, म्हणजे लिहिणेही जमू लागले.

कागदाच्या तुलनेत टॅबलेटने तीन गोष्टी बदलल्या. पहिली, कागदाला कड असते. टॅबलेटवरचा नकाशा कुठवरही वाढतो. दुसरी, फांदी उचलून दुसरीकडे लावता येते. कागदावर चुकीच्या जागी काढलेली फांदी तिथेच राहते, आणि आपण तिला शरण जातो. तिसरी, फांदीची घडी घालता येते. नको तो तपशील मिटवून ठेवायचा, हवा तेव्हा उलगडायचा. मराठीसाठी मात्र वाट जरा खडतर होती. सुरुवातीच्या अँड्रॉइड टॅबलेटांवर आपली जोडाक्षरे फुटत, वेलांटी अक्षर सोडून पळे. आता तो त्रास राहिलेला नाही.

२०२० साली शाळाच घरात आल्या, तेव्हा मुलीसाठी आमच्याकडे टॅबलेट आला. तिची शाळा परत शाळेत गेली आणि टॅबलेट संध्याकाळी माझ्या वाट्याला येऊ लागला. त्यावर मी एक नकाशा मांडायला घेतला : सोळाव्या शतकातले आपल्या देवस्थानांचे स्थलांतर. मधल्या वर्तुळात विषय, आणि फांद्यांवर मूळ गावे. कुशस्थळी, तिथून मंगेश, तिथून प्रियोळ, १५६०. केळशी, शांतादुर्गा, कवळे. वेर्णे, म्हाळसा, म्हार्दोळ. लोटली, रामनाथ, बांदिवडे. दिवाडी, सप्तकोटेश्वर, नार्वे. तिसवाडी १५१० मध्ये आणि सासष्टी-बारदेस १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले होते. अंत्रूज आणि डिचोली अजून आदिलशाहीत होती. म्हणून देव नदी ओलांडून पलीकडे गेले. अर्ध्या तासात देखणा नकाशा तयार झाला.

मग एकेक अडचण उभी राहू लागली. म्हार्दोळ कोणत्या फांदीवर ठेवायचे? आज म्हार्दोळ म्हटले की प्रियोळातले देऊळ डोळ्यांपुढे येते. पण वेर्ण्याच्या जुन्या जागेला लोक आजही जुने म्हार्दोळ म्हणतात. देवीबरोबर गावाचे नावही चालत आले. नार्व्याचे तेच. दिवाडी बेटावर एक नार्वे आहे, आणि सप्तकोटेश्वर नदीपलीकडे ज्या हिंदळे गावात गेला तेही नार्वे झाले. तिथल्या देवळाचा शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केला, तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाची आणखी एक फांदी तिथे येऊन टेकली. आणि कदंब राजांचे हे आराध्यदैवत म्हणून दुसरी एक तिथे आधीपासून होतीच. प्रियोळ या एका गावात मंगेशही आहे आणि म्हाळसाही, म्हणजे दोन वेगळ्या फांद्यांची टोके एकाच ठिकाणी. कुळाव्यांपर्यंत आलो तर विचारायलाच नको. कुटुंब मूळचे एका गावचे, देव दुसऱ्या गावी, घर तिसरीकडे कारवारला किंवा बेळगावला, आणि देवळातला मान चौथ्याच कारणाने मिळालेला.

झाडाचा नियम असा की प्रत्येक पानाला एकच फांदी आणि प्रत्येक फांदीला एकच खोड. आमच्या इतिहासाला हा नियम मान्य नाही. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुशास्त्रज्ञाने १९६५ साली ‘शहर म्हणजे झाड नव्हे’ अशा नावाचा निबंध लिहिला. कागदावर आखलेली नवी शहरे झाडासारखी असतात, इथे घरे, तिथे दुकाने, पलीकडे शाळा; आणि आपोआप वाढलेल्या जुन्या गावांत एकच जागा अनेक गोष्टींत सामील असते, असे त्याचे म्हणणे. आपल्या देवळापुढचे पटांगण आठवा. तिथे जत्रा भरते, नाटक होते, मुले खेळतात आणि भांडणेही मिटतात. ते कोणत्या एका फांदीवर लिहाल?

त्यापेक्षा वड बरा. वडाची फांदी पारंबी सोडते, पारंबी भलतीकडेच जमिनीत रुजते, आणि काही वर्षांनी मूळ खोड कोणते हे सांगता येत नाही. बहुतेक अॅपमध्ये अशी पारंबी काढायची सोय असते. एका फांदीवरून दुसरीवर तुटक रेघेचा आडवा दुवा टाकता येतो. बरेच जण तिला हात लावत नाहीत, कारण नकाशा गिचमिड दिसतो. मी मात्र आडवे दुवे टाकत गेलो, आणि प्रत्येक रेघेवर नोव्हाक सांगतात तसे काहीतरी लिहायचे असा नेम केला.

खरी कसोटी तिथे लागली. आमच्या घराण्याकडे पूर्वी जत्रेतल्या एका रात्रीच्या पालखीचा खर्च असे. नकाशात हे एका रेघेत दिसते : देऊळ, पालखी, आमचे घर. का, हे माझ्या आत्याला ठाऊक आहे. तिचे वय चौऱ्याऐंशी. तिने सांगितले त्यात एक गहाण पडलेले शेत होते, एक निपुत्रिक चुलत आजोबा होते, एक तोंडी दिलेला शब्द होता, आणि तो पाळताना कोणी काय विकले ते होते. त्या रेघेवर दोन शब्द लिहून भागण्यासारखे नव्हते. मी टॅबलेट बाजूला ठेवला आणि वहीत अडीच पाने लिहिली. ती वही नसती तर नकाशातली रेघ तशीच राहिली असती, बरोबर आणि मुकी. आणि आत्यानंतर तिचा अर्थ विचारायला माणूस उरला नसता.

कारकुनी करणाऱ्याला ही गोष्ट नवी नाही. फाइलमध्ये एका बाजूला पत्रव्यवहार असतो आणि दुसऱ्या बाजूला टिपणी. टिपणीतल्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक, खाली सही आणि तारीख. लोक कंटाळवाणी म्हणून तिची थट्टा करतात, पण हे कोणी, कधी आणि कोणत्या कारणाने ठरवले, ते तीस वर्षांनीही तिच्यातून वाचता येते. आपल्या गावकारीचे रीतिरिवाज आज समजतात ते १५२६ साली अफोन्सु मेशिया याने करवून घेतलेल्या फोरलामुळे. परक्या सत्तेने महसुलासाठी केलेली ती नोंद आहे हे खरे. पण तिच्यात ४९ कलमे आहेत, आणि कलम म्हणजे पूर्ण वाक्य : कोणाचा मान आधी, कोणी किती द्यायचे, वारस नसला तर काय. मेशियाने त्याऐवजी एक सुबक झाड काढून ठेवले असते, तर तिसवाडीतली गावे कोणती एवढे कळले असते आणि बाकी सगळे गेले असते.

टिकण्याचाही प्रश्न आहेच. डार्विनची ती वही केंब्रिजच्या ग्रंथालयातून २००१ मध्ये नाहीशी झाल्याचे लक्षात आले; २०२० मध्ये ती चोरीला गेल्याचे जाहीर झाले; आणि मार्च २०२२ मध्ये कोणीतरी ती गुलाबी भेट-पिशवीत घालून ग्रंथालयातच ठेवून गेले. एकवीस वर्षे कुठेतरी पडून राहिलेली वही उघडली तर झाड जसेच्या तसे. अॅपमधली फाइल एकवीस वर्षांनी कोणत्या यंत्रावर उघडेल? कंपन्या विकल्या जातात, अॅप बंद पडतात, दरमहा पैसे भरणे थांबले की कुलूप लागते. माझ्या नकाशाची एक प्रत मी फ्रीमाइंडच्या पद्धतीच्या फाइलमध्ये ठेवतो, कारण ती साध्या मजकुराच्या रूपात असते आणि दुसरे प्रोग्रामही ती उघडतात. आणखी एक प्रत कागदावर छापतो. अडीच पानांची ती वही तर वेगळीच, लोखंडी कपाटात.

तेव्हा टॅबलेट वापरू नका असे मी कोणाला म्हणणार नाही. विखुरलेली माहिती एका नजरेत आणायला, कुठे काय राहिले ते पाहायला, आणि मुख्य म्हणजे काय विचारायचे ते ठरवायला त्याच्यासारखे साधन नाही. आत्याला पालखीबद्दल विचारावे हे मला सुचले ते नकाशात त्या रेघेवर लिहायला शब्द सापडेना म्हणून. नकाशाचा मला झालेला सर्वांत मोठा फायदा हाच. रामुसच्या तक्त्यांनी संवाद मागे पडला असे ऑंग म्हणतो. तो पुढे आणणे आपल्या हातात आहे. रिकामी रेघ दिसली की टॅबलेट मिटवून घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी जाऊन बसायचे.

गोव्यातल्या प्रत्येक घरात अशा दहा-वीस मुक्या रेघा असतील. देवळातला मान, मुंडकाराचे घर, दोन भावांत पडलेली भिंत, मंगळूरला गेलेली शाखा, बाटून शेजारीच राहिलेली दुसरी. सुट्टीत मुले घरी आली की त्यांच्या हातात टॅबलेट असेलच. त्यांना झाड काढू द्या, रंग भरू द्या. मग प्रत्येक पारंबीवर बोट ठेवून ‘का?’ असे विचारायला सांगा, आणि उत्तर पूर्ण वाक्यांत, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून, वहीत लिहायला लावा. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये. ज्यांना उत्तरे ठाऊक आहेत ती माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत.